आईच्या नावाचा दगड

आई मोठ्यानं प्रार्थना करायची. मनातल्या मनात तिला काहीच जमत नसे. भाजीत मीठ टाकलं की नाही हेसुद्धा ती स्वतःला मोठ्यानं विचारायची आणि मोठ्यानंच उत्तर द्यायची. मग देवाशी बोलणं तेवढं गुपचूप करायचं, हे तिला कसं पटणार? जेवायला बसलं की ती डोळे मिटायची आणि ताटातला भात, भात पिकवणारं पाणी, भात शिजवणारी चूल, सगळ्यांसाठी आभार मानायची. शेजारच्या अंगणापर्यंत ऐकू जायचं. बाचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तोवर अर्धं जेवण उरकलेलं असायचं.

बा ख्रिस्ती नव्हता. आमच्या घरात ख्रिस्ती दोघीच, आई आणि मी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोक हटकून चुकीचं समजतात.

आमचं गाव सिंदेवाहीच्या पलीकडे, जंगलाला टेकलेलं. घरासमोर धानाची शेती, घरामागे सागाची आणि मोहाची झाडं. माझा धाकटा भाऊ लहान असताना तापानं गेला. पुजाऱ्याकडे नेलं, दवाखान्यात नेलं, दोन्हीकडून हात हलवत परत आलो. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको ख्रिस्ती होती. तिनं आईला देवाचं एक अक्षर सांगितलं नाही. नुसती सोबत बसून रडली. भाऊ गेल्यावर आमच्या गावी आली, पुन्हा बसली, आणि पुढेही येत राहिली.

लोकांना वाटतं, कुणी ख्रिस्ती झालं म्हणजे त्याला काहीतरी मिळालं असणार. आजार बरा झाला असेल, नाहीतर तांदळाचं पोतं आलं असेल. माझ्या तोंडावर विचारणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना माझ्या तोंडून चांगलंच ऐकावं लागलं आहे. आईला काहीच मिळालं नाही. पोरगं मातीत गेलं ते गेलंच. का गेलीस त्या वाटेनं, असं मी मोठी झाल्यावर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पोरगं गेलं तवा साऱ्यांनी मले सांगतलं का आता रडू नोको. त्या एकट्या बाईनं म्हटलं का रड. अन् तिचा देवबी रडला होता म्हने एकदा. मले तो देव बरा वाटला."

बाला तो देव बरा वाटला नाही. सुरुवातीला घरात बरीच धुसफूस झाली. मग दोघांनी आपसात ठरवून टाकलं. आई म्हणायची, "तुमचा देव तुमी पाहा, माझा मी पाहीन." पोळ्याला बा बैल रंगवायचा, आई बैलांसाठी पुरणाच्या पोळ्या करायची, त्यांच्या तोंडात घालायची, पण ओवाळायची नाही. ओवाळायला शेजारची काकी यायची. ही काकी आईची जिवाची मैत्रीण. नाताळात आमच्याकडे करंज्या लाटायलाही तीच असायची, आणि येशूची गाणी आईपेक्षा सुरात म्हणायची. "मी तुझ्या देवाले गानं ऐकवतो, तू माह्या देवाले पोळी खाऊ घाल, झाली बरोबरी," असं काकीचं म्हणणं.

बानं आईला कधी कुठं हात जोडायला लावला नाही. एकदा त्याच्या थोरल्या भावानं सणाच्या दिवशी सगळ्यांदेखत विषय काढला, तुझी बायको देवापुढे वाकत कशी नाही म्हणून. बा म्हणाला, "तिले सोडा." तेवढंच. बाचं सगळं बोलणं एवढंच असायचं.

मोहफुलं पडायला लागली की गावातल्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात निघतात. वाटेवर शेंदूर फासलेला एक दगड आहे, वाघोबाचा. प्रत्येक बाई तिथं थांबते, हात जोडते, एक डहाळी टाकते आणि पुढं जाते. आमच्याकडे कुणाला वाघानं मारलं तर जिथं मारलं तिथं असा दगड मांडतात. त्याला 'जागा देणं' म्हणतात. पहिला दगड घरच्या कर्त्या माणसानं ठेवायचा, पुजाऱ्यानं शेंदूर लावायचा, आणि मग येणाऱ्याजाणाऱ्यानं डहाळी टाकायची. गेलेलं माणूस त्या दगडात राहतं आणि गावाची राखण करतं. जागा दिली नाही तर ते वाघाच्या पाठीवर बसून हिंडतं आणि आपल्या माणसांना हाका मारतं. आधी जवळच्या माणसांना. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यावर हसायचं नसतं, कारण जे हे सांगतात त्यांना रोज त्याच जंगलात जायचं असतं.

आई दगडाशी थांबायची नाही. थोडं पुढं जाऊन बाकीच्यांची वाट पाहत उभी राहायची. मग आपल्या झाडाखाली गेली की टोपली खाली ठेवून प्रार्थना करायची, अर्थात मोठ्यानं. प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात, आईचं झाड नाल्याच्या काठावर होतं. काकी लांबून ओरडायची, "काऊन वो, तुहा देव बहिरा हाय का? एवढी काऊन बोंबलून राह्यली?" आई तिकडून म्हणायची, "तो नाई बहिरा, तुमी आहा!" मग सगळ्या बाया हसायच्या. तेवढ्या आवाजानं वाघ जवळ येत नाही असंही म्हणायच्या.

माझं लग्न चंद्रपूरच्या जुन्या ख्रिस्ती घरात झालं. नवरा ऊर्जानगरला वीज केंद्रात कामाला आहे, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो. दारावर क्रूस आहे, गळ्यात आहे, आणि माझ्या जिभेवर तर आहेच, असं नवरा म्हणतो. कॉलनीतल्या बाया हळदीकुंकवाला बोलावतात तेव्हा मी दारातच सांगून टाकते, "येईन, कुंकू लावणार नाही, चहा दोन कप घेईन." काही जणी हसून घेतात. काही जणी नाक मुरडतात, आणि पुढच्या वेळी आमचं दार वगळून शेजारचं दार वाजवतात. माझ्या मुलीला शाळेत विचारतात, तुमच्यात दिवाळी का नाही, तुम्ही काय इंग्रज आहात का. तिला मी सांगून ठेवलं आहे, म्हण, इंग्रज असते तर तुझ्या शेजारी बसून डबा खाल्ला नसता. हे असं रोजचं थोडं थोडं असतं. त्यानं कुणी मरत नाही, पण मन थकतं. थकले की मी आईला फोन करायची. ती म्हणायची, "उगीच तोंडाले लागू नोको लोकांच्या. आपून लपून नाई राहाचं, अन् दुसऱ्याच्या अंगावरबी नाई जाचं." पहिली गोष्ट मला जमते, दुसरी अजून नाही.

त्या वर्षी मोहाच्या दिवसांत एका सकाळी काकीच्या घरून फोन आला. आईला वाघानं नेलं.

फार सांगत नाही. आम्ही पोचलो तेव्हा वनविभागाची माणसं आली होती, गावातले सगळे पुरुष काठ्या घेऊन नाल्याकडे गेले होते आणि आईला चादरीत गुंडाळून आणलं होतं. चादर जेवढी भरायला हवी तेवढी भरलेली नव्हती. मी हात लावायला गेले तर काकीनं मला मागं ओढलं आणि माझं डोकं आपल्या छातीशी दाबून धरलं. ती त्या सकाळी आईच्या आवाजाच्या टप्प्यात होती. तिनं प्रार्थना ऐकली होती. ती मध्येच तुटली, एवढंच ती पुन्हापुन्हा सांगत होती. "आमेन नाई म्हटलं वो तिनं. म्या वाट पाहून राह्यली होती, आमेन म्हनन म्हून."

सिंदेवाहीहून शवविच्छेदन करून आणलं. आईनं भावाच्या शेजारी पुरायला सांगून ठेवलं होतं. आमच्या गावात लहान लेकरांना पुरतातच, त्यामुळं पुरण्यावरून कुणी वाद घातला नाही. चंद्रपूरहून पाळक आले, त्यांनी वचन वाचलं, आम्ही गाणं म्हटलं. गाव थोडं अंतर राखून उभं होतं, पण सगळं गाव होतं. पुरुषांनी माती लोटली. मला वाटलं, चला, आईनं जगताना जे जपलं ते मरतानाही कुणी हिसकावलं नाही. तेवढ्याच आधारावर मी ते दिवस काढत होते.

मग एका सकाळी पुजारी आणि गावची चारपाच मोठी माणसं आमच्या अंगणात येऊन बसली. ती कशाला आली हे मी ओळखलं आणि पदर खोचून दारात उभी राहिले. पुजारी म्हातारा, स्वभावानं मऊ. तो बाला म्हणाला, "भाऊ, तुमची बायको आमची बहीनच होती. तुमच्या घरी तुमी कसा देव मानाचा तो माना, आमी कधी बोललो नाई. पन आता वाघाचं हाय. जागा द्या लागते. तुमी दगड ठेवा, बाकी मी पाहून घेतो."

मी तोंड उघडलं. बानं माझ्याकडे न पाहता हात वर केला. "तू चूप बस."

मी बसले. मला वाटलं, संपलं. बा तर त्यांच्यातलाच होता. वाघोबाच्या दगडापुढं तो आयुष्यभर नारळ फोडत आला होता. एक दगड ठेवायचा, गावात सुखानं राहायचं. आईचं काय, ती तर गेली. मी त्याच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मला विचारायची कुणाला गरजच नव्हती.

बा म्हणाला, "दगड ठेवला का ती त्याच्यात येईन. मंग तुमी तिले शेंदूर लावसान."

"हो," पुजारी म्हणाला. "मंग ती गावची देवी होते. कोनाले त्रास देत नाई."

"तिनं जनमभर शेंदुराच्या दगडाले हात नाई जोडला, भाऊ. म्या कधी जोडाले लावला नाई. आता ती गेली, तर तिलेच शेंदूर लावू? तिले विचारता येत नाई म्हून?"

एकजण रागानं म्हणाला, "अन् गावाचं काय? उद्या माही बायको जाईन मोहाले. तिले काही झालं तर?"

बा म्हणाला, "मले बी त्याचंच भेव वाटून राह्यलं." आणि उठून घरात गेला.

हे नीट ऐका. लोक इथंच चुकतात. दगडानं काही होत नाही असं बा म्हणाला नाही. त्याचा दगडावर पूर्ण विश्वास होता. दगड नाही ठेवला तर आई वाघाच्या पाठीवर बसून हिंडेल आणि लोकांना बोलावेल, हे त्याला जसं पुजाऱ्याला खरं वाटत होतं तसंच वाटत होतं. तरी त्यानं ठेवला नाही. मला दगडात काही दिसतच नाही, मग मी नाही म्हणण्यात कसली आली आहे शूरता? बाचं वेगळं होतं. त्या दिवशी मला त्याचा एवढा अभिमान वाटला की मी त्याच्या पाठीवर डोकं टेकून रडले. तो मात्र रडला नाही. "जाय," म्हणाला, "बैलाले पानी दाव."

मोह पडायचा थांबत नाही. भीती असली तरी बाया पुन्हा जायला लागल्या, आता उजाडल्यावर, घोळक्यानं, डबे वाजवत. आईच्या झाडाकडं मात्र कुणी फिरकत नव्हतं. त्या झाडाखाली फुलांचा सडा पडून राहिला. एका सकाळी काकी घोळक्यातून बाजूला झाली आणि नाल्याकडं वळली. का वळली, कुणाला ठाऊक. तिनं आईसाठी वेचावी म्हटलं असेल, किंवा इतकी फुलं मातीत जाताना तिला बघवलं नसेल. तिची टोपली आईच्या झाडाखाली सापडली, भरलेली.

गावाला काही समजावून सांगायची गरजच उरली नाही. आधी जवळच्या माणसांना हाक मारते म्हणतात, आणि काकीपेक्षा जवळचं गावात कोण होतं? एक बाई सांगत सुटली, काकी वळली तेव्हा कुणीतरी बोलावल्यासारखी "आली वो" म्हणाली होती. खरं की खोटं, मला माहीत नाही.

काकीच्या नवऱ्यानं तिची जागा मांडली तेव्हा प्रत्येक घरचा माणूस डहाळी घेऊन गेला. बाही गेला. मी तेव्हा माहेरीच होते, नको जाऊ म्हणाले, पण ऐकतो कोण. त्याला वाटेवरच अडवलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उचलला नाही. काकीचा नवरा पुढं आला आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, आता तरी ठेव तिचा दगड. माही तर गेली. बाकीच्याइच्या बाया वाचू दे."

बाच्या हातात डहाळी होती. समोर आईचं झाड होतं, त्याच्याखाली पुजाऱ्यानं दगडही आणून ठेवला होता. फक्त उचलून मांडायचा. त्याच्यासमोर हात जोडून उभा असलेला माणूस त्याचा लहानपणापासूनचा सोबती होता. बा नंतर मला म्हणाला, "म्या वाकलो होतो बाई. हात लागला होता दगडाले." पण त्यानं तो उचलला नाही. डहाळी तिथंच वाटेवर ठेवून तो परत आला आणि ओट्यावर बसला.

त्यानंतर गावानं बाशी बोलणं टाकलं. दुकानात गेला की दुकानदार आतल्या खोलीत जायचा. त्याच्या शेताकडं जाणाऱ्या बांधावर कुणीतरी काटे टाकले. गावाच्या खालच्या टोकाला बौद्धांची काही घरं आहेत, तिथला एक म्हातारा तेवढा येऊन बसायचा, चहा आणायचा. बाकी कुणी नाही. बाचं आयुष्य त्या गावात गेलं. त्याच्याकडं दुसरं काही नव्हतंच, शेत आणि ओट्यावर येऊन बसणारी माणसं. शेवटी आम्ही बैल विकले, घराला कुलूप घातलं आणि बाला ऊर्जानगरला आणलं. पुढं वाघ पकडला गेला. बेशुद्ध करून पिंजऱ्यात घालून नेला म्हणे. बाला सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं." त्याला परत या म्हणून कुणी सांगितलं नाही.

क्वार्टरमध्ये बाचं मन रमलं नाही. वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर पाहत गॅलरीत बसायचा. एकदा दुपारी भाजी निवडताना त्यानं विचारलं, "तुह्या मायनं बोलावलं असंन का वो काकीले?"

माझा पारा चढला. "बा, वाघ होता तो! पिंजऱ्यात घालून नेला ना?"

"वाघ होता ते मलेबी माहीत हाय," तो म्हणाला. "वाघ तिथीच काऊन आला, ते विचारून राह्यलो." आणि पुन्हा मेथीची पानं तोडायला लागला. माझ्याकडं उत्तर होतं. मी दिलंही, चांगलं सविस्तर, वाघाची हद्द, नाल्याचं पाणी, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. पण त्याच्यासाठी एक गोष्ट पक्की होती. त्यानं दगड ठेवला असता तर काकी जिवंत असती.

रविवारी आम्ही चर्चला जायचो तेव्हा त्याला एकट्याला घरी ठेवणं जिवावर यायचं, म्हणून सोबत न्यायचो. तो शेवटच्या बाकावर बसायचा. गाणी म्हणायचा नाही, डोळे मिटायचा नाही, प्रसाद मिळाल्यासारखा पाळकांचा हात धरून नमस्कार करायचा. चर्चच्या लोकांना त्याची गोष्ट कळली आणि ते भारावून गेले. एका भाऊसाहेबांनी तर सभेत उभं राहून साक्ष दिली, पाहा, प्रभूनं एका अविश्वासी माणसाचं हृदय कसं बदललं, त्यानं मूर्तीपुढं वाकायला नकार दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं वळून पाहिलं तर बा बाकावर अंग चोरून बसला होता. त्या भाऊसाहेबांना मी नंतर फाटकाशी गाठलं आणि जे सुनावलं ते इथं लिहीत नाही, कारण नवरा म्हणतो निदान कागदावर तरी तू ख्रिस्ती दिसायला हवीस.

पाळक मात्र खरंच चांगले आहेत. आईला त्यांनीच पुरलं होतं. एका रविवारी उपासना संपल्यावर ते अंगणातल्या निंबाखाली बाच्या शेजारी बसले. मी जवळच होते. ते म्हणाले, "बाबा, मी तुम्हाला घाई करत नाही. पण मनात असेल तर बाप्तिस्म्याचा विचार करा. तुम्ही एवढं सोसलं आहे."

बा हसला. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच मी त्याला हसताना पाहिलं. "नाई जी," तो म्हणाला.

"का?"

बाला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तुमच्यात आलो का मले म्हना लागन, दगडानं काही होत नाई. बरोबर नं?"

"हो," पाळक म्हणाले. "तसंच आहे ते."

"मंग काकी माह्यामुळं नाई मेली. मंग मी सुटलो." त्यानं धोतराचा सोगा झटकला. "असं सुटासाठी देव नाई बदलवत मी, पादरीसाहेब. म्या केलं ते माहीत असून केलं. तिचं मन राखलं, अन् त्याच्यापायी एक बाई गेली. दोन्ही माह्याच अंगावर हाय. ते राहू द्या."

पाळकांनी बाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले. मला बाचा संताप आला. ओरडावंसं वाटलं. मी मनापासून मानते की आई कुठं आहे ते मला माहीत आहे, आणि हा माणूस तिथं यायलाच तयार नाही. ज्या बायकोला त्यानं दगड होऊ दिलं नाही तिच्यापासून हा कायमचा लांब राहणार, आणि कशासाठी, तर त्याच्या हातून न घडलेल्या पापासाठी. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर मी वचनं काढून भांडले असते. बापुढं माझी जीभ उचलली नाही.

नवरा गाडी काढायला गेला. आम्ही दोघं चर्चच्या पायरीशी उभे राहिलो. बानं चपला घातल्या आणि म्हणाला, "एक सांगू का बाई. मी मेलो का मले पुरू नोको. जाळजो. अन् इथी नाई. आपल्या गावात, नाल्याच्या वरच्या अंगाले, जिथी माह्या बापाले जाळलं तिथी."

आत बाया गाण्याची पुस्तकं गोळा करत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर ते काट्यांनी भरलेले बांध आले आणि खांदा द्यायला कुणी नसलेली तिरडी आली.

"जाळीन बा," मी म्हटलं.

"करशीन नं? तुह्या मायचं म्या केलं तसं?"

"करीन."

त्यानं मान हलवली. मग रस्त्याकडं पाहत, लहान लेकरानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "पन गाववाले जाळू देतीन का वो मले तिथी?"

देवाच्या दारात उभी राहून मी बाशी खोटं बोलले. म्हटलं, देतील.